कपाटावरची पेटी

आमचे काका परिचारकाचे शिक्षण घेण्यास इंग्लंडला गेले ते तिकडचेच झाले. १९८८ साली ते सुट्टीवर मॉरिशसला आले तेव्हा माझ्यासाठी एक जुनी पेटी घेऊन आले. तीत लाल-हिरव्या, भोके पाडलेल्या पोलादी पट्ट्या, पितळेची दातेरी चाके, नट-बोल्ट आणि एक छोटा पाना होता. हेच ते मेकॅनो.

हे खेळणे काढणारे फ्रँक हॉर्नबी काही इंजिनियर नव्हते. लिव्हरपूलच्या एका मांस आयात करणाऱ्या पेढीत ते कारकून होते. मुलांसाठी खेळणी बनवताना त्यांच्या ध्यानात आले, की अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडलेल्या सारख्या पट्ट्या असतील तर त्यांतूनच आज क्रेन आणि उद्या पूल करता येईल. १९०१ साली त्यांनी पेटंट घेतले, तेही मालकाकडून पाच पौंड उसने घेऊन! १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री व आर्थर पोर्टर यांनी याच खेळण्याच्या भागांतून अवघड समीकरणे सोडविणारे यंत्र उभे केले. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला.

प्लास्टिकचा ठोकळा दाबला की बसतो. मेकॅनोचा बोल्ट कमी आवळला तर पूल डुलतो, जास्त आवळला तर चाक फिरत नाही. किती आवळायचे ते बोटांनाच शिकावे लागते.

माझे सहावीच्या परीक्षेचे वर्ष आले आणि वडिलांनी पेटी कपाटावर ठेवली. परीक्षा संपल्यावरही मी ती खाली काढली नाही. वडिलांना मी दोष देत नाही; साखर कारखान्यात फिटरचे काम करून त्यांचे हात काळे झाले होते, मुलाच्या हाती लेखणी असावी एवढीच त्यांची इच्छा. पण मी काय केले? शिक्षक-प्रशिक्षणात ‘कृतीतून शिक्षण’ या विषयावर पानेच्या पाने लिहून गुण मिळविले आणि वर्गात मात्र मुलांकडून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेत राहिलो.

गेल्या वर्षी त्रिकोण शिकवताना ती पेटी वर्गात नेली. चार पट्ट्यांची चौकट मुलांनी ढकलली, ती लगेच कलली. मागच्या बाकावरच्या एका मुलाला चार ओळी लिहिणे जड जाते. त्याने कोणी न सांगता पाचवी पट्टी तिरपी लावली आणि चौकट हलेनाशी झाली. त्याच्या या हुशारीची नोंद करायला प्रगतिपुस्तकात रकानाच नाही.

पालकहो, परीक्षा जवळ आली म्हणून मुलांच्या हातून पाना काढून घेऊ नका. आपल्या बैठकांतही अशी एखादी पेटी असावी. ज्यांचे आप्त इंग्लंडात आहेत त्यांनी येताना चॉकलेटांऐवजी जुने मेकॅनो आणायला सांगावे. पट्ट्यांना थोडा गंज असला तरी चालेल. नट मात्र मोजून घ्यावेत.