'जर-तर' कसे लिहावे?

आज्ञावली चालली, उत्तर बरोबर आले, की काम संपले असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. माझे मत निराळे आहे. आज्ञावली संगणकाने पाळायची असली, तरी ती वाचायची, तपासायची आणि दुरुस्त करायची असते माणसाने. आणि वाचणारा सर्वांत जास्त अडखळतो तो 'जर-तर'च्या विधानांपाशी.

समजा, वाचनालयातून पुस्तक देण्याची आज्ञावली लिहायची आहे. एकाने असे लिहिले :

जर सभासद असेल तर, जर वर्गणी भरली असेल तर, जर पुस्तक जागेवर असेल तर पुस्तक द्या. नाहीतर 'पुस्तक बाहेर गेले आहे' असे सांगा. नाहीतर 'वर्गणी भरा' असे सांगा. नाहीतर 'सभासद व्हा' असे सांगा.

यातला कोणता 'नाहीतर' कोणत्या 'जर'चा, हे बोटे मोजून ठरवावे लागते. आता दुसरी रीत पाहा :

जर सभासद नसेल, तर 'सभासद व्हा' असे सांगून थांबा.
जर वर्गणी थकली असेल, तर 'वर्गणी भरा' असे सांगून थांबा.
जर पुस्तक बाहेर गेले असेल, तर तसे सांगून थांबा.
पुस्तक द्या.

उत्तर दोन्हींचे एकच. परंतु दुसऱ्या रीतीत प्रत्येक अट आणि तिचा परिणाम शेजारी शेजारी आहेत. 'आज्ञावलीतून बाहेर पडण्याची वाट एकच असावी' असा आक्षेप काही शिक्षक घेतात. लांबलचक आज्ञावलीत तो योग्यही ठरेल. चार ओळींत मात्र वाचकाची सोय मोठी मानावी.

कधी कधी अट मुळातच नको असते. दादर स्थानकाचेच उदाहरण घ्या. तेथे पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेंचे फलाट पूर्वी १ पासून मोजले जात. 'चार नंबरवर भेट' असे सांगितले, की 'जर पश्चिम रेल्वे असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' अशी अट आपोआप जोडली जाई. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे फलाट १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे क्रमांक मिळाले. आता नुसता क्रमांक पुरतो. आज्ञावलीतही नावे आणि क्रमांक विचारपूर्वक दिले, तर कित्येक 'जर' गळून पडतात.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला आपल्या आज्ञावलीतील एक गंभीर चूक दुरुस्त करावी लागली. एका अटीखालची 'येथून बाहेर पडा' ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. अटीभोवती महिरपी कंस नव्हते. दुसरी ओळही समासापासून तितकीच आत सरकवलेली असल्याने डोळ्यांना ती अटीतलीच वाटे. संगणक मात्र ती अटीबाहेरची मानून दर वेळी पाळत असे. त्यामुळे सुरक्षेची एक महत्त्वाची तपासणी होतच नव्हती. कंस घातले असते, तर ती जादा ओळ निरुपद्रवी ठरली असती.

म्हणून शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. दहा गुणांपैकी निदान तीन गुण वाचनीयतेला ठेवावेत. ते देण्याची कसोटीही सोपी आहे : एकाची आज्ञावली दुसऱ्याला मोठ्याने वाचायला सांगावी. तो जिथे थबकेल, तिथली अट पुन्हा लिहावी.