बापाचा वेळ कुणाच्या मालकीचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मान्यता दिली. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांत दिवसाला नऊऐवजी दहा तास, कारखान्यांत नऊऐवजी बारा तासांपर्यंत. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील आणि जादा कामाचा जादा मोबदला मिळेल, असे सांगण्यात आले. नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या चार कामगार संहिताही लागू झाल्या. चर्चा गुंतवणुकीची झाली, उद्योगांच्या सोयीची झाली. संध्याकाळी घरी बापाची वाट पाहणाऱ्या लेकराचा विषय मात्र कुणी काढला नाही.

तो आम्हाला इथे काढायचा आहे. कारण हा विषय आपण आजवर 'ज्याच्या त्याच्या घरचा मामला' म्हणून सोडून देत आलो.

साधा हिशेब करू. बोरिवली किंवा मुलुंडला राहणारा आणि फोर्टात नोकरी करणारा बाप घ्या. नऊ तास कामावर. घर ते स्टेशन, गर्दीमुळे सोडलेली एखादी लोकल, उतरल्यावर पुन्हा बस, असे धरले तर जाऊन-येऊन तीन तास. झोप सात तास. उरले पाच. त्यात आंघोळ, जेवण, पाणी भरणे, बाजार. मुले जागी असताना त्यांच्या वाट्याला तासभर येतो. कामाचा एक तास वाढला की नेमका तोच तास जातो.

टाळेबंदीने दाखवलेले घर

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि ज्यांचे काम संगणकावर होते ते घरी बसून काम करू लागले. आपल्या समाजातले आयटी, बँक, विमा, कॉल सेंटरमधले अनेक तरुण बाप त्यात होते. तो काळ भीतीचा होता, मरणाचा होता. तरीही पोरगी वाचायला कशी शिकते, पोराला गणितात नेमके काय अडते, हे काही बापांनी पहिल्यांदा त्याच काळात पाहिले.

साथ ओसरली आणि कंपन्यांनी माणसे परत बोलावली. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याचा नियम केला. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे आठवड्याला ९० तास कामाबद्दलचे बोलणे गाजले. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असा त्याचा सूर होता. लोक त्यावर हसले, चिडले. पण त्यामागची समजूत फार थोड्यांनी पकडली: पुरुषाला घरात काही कामच नसते!

कायद्यात बाप कुठे आहे?

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली. रजा संपल्यावर, काम तशा स्वरूपाचे असेल तर, मालकाशी ठरवून घरून काम करण्याची वाटही आईला मिळाली. हे चांगलेच झाले. बापासाठी मात्र अशी तरतूद नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे; खासगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर आहे. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत आणले. कामाची वेळ संपल्यावर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्कासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये विधेयक मांडले. दोन्हींचा कायदा झाला नाही.

याचा फटका बाईलाही बसतो. मूल म्हणजे एकट्या आईची जबाबदारी, असे कायदाच सुचवू लागला की मालक बाईला नोकरी देताना कचरतो.

आपला वारसा वेगळा आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. मजुरमंत्री असताना त्यांनी आणलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. कामगाराचा उरलेला वेळ त्याचा स्वतःचा आहे, हे त्यामागचे तत्त्व.

त्याच्याही मागे जाऊ. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्ध गृहस्थाला सहा दिशांची कर्तव्ये सांगतात. आईवडिलांनी मुलांना वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे. मालकाने सेवकाला झेपेल एवढेच काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. बापाचे कर्तव्य आणि मालकाचे कर्तव्य एकाच उपदेशात आहे. दुसरे पाळले गेले नाही तर पहिले पाळायला माणूस घरी असणार कसा?

रामजीबाबांची एक खोली

१९०१ साली रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुले साताऱ्यात. सुट्टीत वडिलांना भेटायला निघालेला छोटा भीम मसूर स्टेशनवर उतरला, तर घ्यायला कुणीच नव्हते. येत असल्याचे पत्र नोकराने वडिलांना दिलेच नव्हते. पुढे बैलगाडीसाठी झालेला अपमान आणि तहानेने काढलेली रात्र आपल्याला पाठ आहे. दोष जातिव्यवस्थेचा होता, बापाचा नव्हता. पण पोटासाठी बाप दूर असला की लेकरे जगाच्या तोंडी एकटी सापडतात, हेही त्यात आहे.

हेच रामजीबाबा पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. पहाटे दोनला मुलाला अभ्यासाला उठवत, पुस्तकांसाठी उसनवारी करत. पैसा नव्हता, जागा नव्हती. बाप मात्र घरात होता.

घरी असणे म्हणजे घरात असणे नव्हे

आता थोडे आपल्याकडे पाहू. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांच्या सांभाळाचे काम करतात, पुरुष २१.४ टक्के. त्यातही स्त्रियांचे रोज सरासरी १४० मिनिटे जातात, पुरुषांची ७४.

एसआरएच्या २२५ चौरस फुटांच्या घरात बापाने लॅपटॉप उघडला आणि 'मीटिंग चालू आहे, गप्प बसा' म्हणत बायको-मुलांना बाहेर काढले, तर त्या घराला काय मिळाले? त्याचा चहा-जेवणाचा भार मात्र वाढला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळाले तर प्रवासाचे सहा तास वाचतात, वर्षाला जवळपास तीनशे. ते मोबाईलमध्ये जाणार की मुलांच्या गृहपाठात आणि भांड्यांच्या मोरीत, हे कोणताही कायदा ठरवत नाही.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात किंवा अंधेरीच्या वस्त्यांत राहणारे आपले बहुतेक बाप सफाई, सुरक्षारक्षक, चालक, डिलिव्हरी, बांधकाम अशा कामांत आहेत. झाडू घरून मारता येत नाही. त्यांच्यासाठी 'घरून काम' म्हणजे ठरलेले आठ तास, आठवड्याची पगारी सुट्टी आणि मूल जन्मल्यावर पगार न कापता घरी राहण्याची मुभा.

काय करता येईल?

पहिले, पितृत्व रजेची मागणी आपल्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रात आली पाहिजे, कंत्राटी कामगारांसह. दुसरे, जिथे काम तसे आहे तिथे मूल लहान असेपर्यंत घरून काम मागण्याचा हक्क आईबरोबर बापालाही मिळाला पाहिजे. तिसरे आपल्याच हातात आहे: अनेक बुद्धविहार दिवसा बंद असतात. तिथे चार टेबले, वीज आणि वाय-फायची सोय केली तर घरात जागा नसलेल्याला वस्तीतच काम करता येईल, दुपारी घरी जेवता येईल, शाळेतून मुलाला आणता येईल. संध्याकाळी त्याच टेबलांवर मुलांची अभ्यासिका चालेल.

बाबासाहेबांनी कामगाराच्या आठवड्यातून सहा तास सोडवून दिले. ते परत द्यायचे की त्यात आपल्या लेकरांसाठी भर घालायची, हे या पिढीने ठरवायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!