बसल्या जागी ९७, पण चालल्यावर?

"डॉक्टरसाहेब, ताप नाही, खोकला थांबला, ऑक्सिजनही ९७ आहे. कामावर जायची चिठ्ठी द्या." २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर हे वाक्य मी रोज ऐकत होतो. अशीच एक चिठ्ठी मी धान्य बाजारातल्या एका हमालाला दिली. वय पंचेचाळीस. कोरोनाच्या न्यूमोनियामुळे तो आठ दिवस ऑक्सिजनवर होता. मी छाती तपासली, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ९७. मुकादम चिठ्ठीसाठी अडून बसला होता, घरात पैसा नव्हता. मी सही केली.

तिसऱ्या दिवशी दोघा साथीदारांनी त्याला रिक्षातून आणले. पोते पाठीवर घेऊन वीस पावले गेला आणि खाली बसला. ओठ निळसर, ऑक्सिजन ८६. खुर्चीत बसवले, तर दहा मिनिटांत आकडा पुन्हा ९५! चूक माझी होती. ज्याला दिवसभर ओझी वाहायची आहेत, त्याला मी बसवून तपासले होते.

असे का होते? फुप्फुसातील हवेचे फुगे आणि रक्त यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. विश्रांतीत रक्त तेथे साधारण पाऊण सेकंद थांबते. ऑक्सिजन भरून घ्यायला पाव सेकंद पुरतो, म्हणजे वेळ शिल्लक राहतो. न्यूमोनियानंतर पडदा सुजून जाड झाला तरी या शिलकीवर भागते. श्रम करताना मात्र रक्त वेगाने धावते, ही शिल्लक संपते आणि रक्त अर्धवट भरूनच पुढे जाते. फ्लू, स्वाइन फ्लू यांसारख्या विषाणूंच्या न्यूमोनियातही हे घडू शकते.

मग कोणाचा ऑक्सिजन श्रमाने घसरेल, हे आधी ओळखता येते का? चेहऱ्यावरून नाही, नुसत्या स्टेथोस्कोपवरूनही नाही. ज्यांना रुग्णालयात ऑक्सिजन लागला, ज्यांना जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला राहिला आहे किंवा आधीपासून फुप्फुसाचा विकार आहे, त्यांच्याबाबत शंका घ्यावी. फुप्फुसातून वायू रक्तात किती उतरतो हे मोजणारी तपासणी मोठ्या शहरांत होते आणि तिच्यावरून चांगला अंदाज येतो. पण आपल्या गावात सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रुग्णाला चालवून पाहणे. त्याच लाटेत राज्याच्या आरोग्य खात्याने घरच्या घरी सहा मिनिटे चालण्याची चाचणी करण्याचे आवाहन केले होते. तेव्हा ती आजार वाढतो आहे का हे पाहण्यासाठी होती. माझ्या मते बरे झाल्यावरही तिची तितकीच गरज आहे.

चाचणी अशी करावी. नखांना रंग नसावा, बोटे थंड नसावीत. आधी बसून आकडा पाहावा. तो ९४ पेक्षा कमी असेल, छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर चाचणी न करता थेट डॉक्टरांकडे जावे. नाहीतर सपाट जागेवर, सोबत कोणीतरी असताना, ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटे नेहमीच्या चालीने चालावे. थांबल्यावरही मिनिटभर आकडा पाहत राहावे, कारण घसरण उशिरा दिसू शकते. आकडा चार किंवा अधिक अंकांनी उतरला, तर डॉक्टरांना दाखवावे. ९० च्या खाली गेला, चक्कर आली किंवा छातीत दुखले, तर तेथेच थांबून बसावे आणि लगेच दवाखाना गाठावा. आकडा ठीक असूनही धाप लागत असेल, तरीही तपासून घ्यावे. पंडुरोगात रक्त कमी असते, पण ऑक्सिमीटर ते सांगत नाही.

माझ्या या रुग्णाला पूर्ववत ओझे उचलायला चार महिने लागले. मधल्या काळात त्याला पावत्या लिहायचे काम मिळाले असते, तर बायकोचे मंगळसूत्र गहाण पडले नसते. म्हणून मालक-मुकादमांना माझी विनंती आहे की नुसती 'फिट' चिठ्ठी मागू नका, थोडे दिवस हलके काम द्या. आणि माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगतो: सही करण्यापूर्वी रुग्णाला सहा मिनिटे चालवा. त्या घटनेनंतर मी न्यूमोनियाच्या एकाही रुग्णाला त्याशिवाय चिठ्ठी दिलेली नाही. बाहेर रांग कितीही मोठी असली तरी!