तारखेत काय आहे?

(मी कॉन्व्हेंटवाली, शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

सबमिशनच्या आदल्या रात्री आपण काय करतो? दहा प्रॅक्टिकल्स एकदम उतरवतो आणि वर तीन महिन्यांच्या तारखा टाकतो. मीपण टाकल्यात. पण हा उद्योग अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीनेही केलाय! १८०४ सालचा तो फेमस चांदीचा डॉलर १८०४ मध्ये पाडलेलाच नाही. त्या वर्षी जुन्याच तारखेचे साचे वापरले होते. '१८०४' छापलेले पहिले डॉलर बनले १८३४ मध्ये, सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना भेट द्यायला. आज असे फक्त मोजकेच माहीत आहेत. २०२१ मध्ये त्यातला एक ७६.८ लाख डॉलरला गेला.

उलट १९७५ चा क्वार्टर शोधून दाखवा. मिळणारच नाही! १९७५ आणि १९७६, दोन्ही वर्षी त्यावर '१७७६-१९७६' छापलं, स्वातंत्र्याच्या २०० वर्षांसाठी. पण ते कायदा करून, सगळ्यांना सांगून. माझ्या मते फरक इथेच आहे.

आपल्या जर्नलला काही कोणी लाखो डॉलर देणार नाही. मग या सेमला निदान एक प्रॅक्टिकल त्याच दिवशी लिहूया ना! रीडिंग चुकलं तर चुकू दे, तारीख तरी खरी असू दे.