फरशीच्या धुळीबद्दल

कामगार मंत्री, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आणि राज्यातील बांधकाम व्यावसायिक यांस,



कामगार उंचावरून पडला की पोलीस येतात, पंचनामा होतो, बातमी छापून येते. फरशी कापणाऱ्याच्या फुप्फुसात रोज साचणाऱ्या धुळीची नोंद मात्र साइटवरच्या कुठल्याही वहीत होत नाही.

ग्रॅनाइट, वाळू, काँक्रीट या सगळ्यांत सिलिका असते. कोरड्या कटरने कापताना तिचे सर्वांत घातक कण इतके बारीक उडतात, की डोळ्यांना दिसत नाहीत आणि तोंडाला बांधलेल्या गमछ्यातून सहज आत जातात. फुप्फुसाला व्रण पडतात, ते कडक होत जाते. या सिलिकोसिसला बरे करणारे औषध नाही. चाळिशीतला फरशीवाला जिना चढताना धापा टाकू लागतो, दवाखान्यात जातो आणि एक्स-रेवरचे डाग पाहून त्याला क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयही लवकर गाठतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. काम काय करतोस, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडेल. नुकसानभरपाईच्या कायद्यात हा व्यावसायिक आजार मानलेला आहे. पण निदानच झाले नाही तर दावा कशाच्या जोरावर करायचा? झाले तरी मालक कोण दाखवायचा? आज वाकड, उद्या पनवेल, दर साइटला नवा मुकादम.

पात्याजवळ पाण्याची धार सोडली की बरीचशी धूळ तिथेच बसते. चिखल होतो, वरच्या मजल्यावर पाणी नसते, ही ठेकेदारांची कारणे मी ऐकली आहेत. पाणी चढवायची सोय करा. शॉक लागू नये म्हणून लाइनला ईएलसीबी बसवा. चेहऱ्याला घट्ट बसणारे एन-९५ मास्क द्या, आणि ते मळले की बदलून द्या.

मंडळाला एक विनंती. 1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर याच कामगारांसाठी सुरू झाला. त्यातून भांड्यांचे संच वाटले गेले. घरी ते उपयोगी पडतात, मान्य. पण ओळखपत्रावर नेमके काम लिहा, आणि कटरवाल्यांचा छातीचा एक्स-रे व श्वासाची तपासणी दरवर्षी करा. मजूर नाक्यावर या, दिवसाची मजुरी बुडवून कटरवाला तुमच्याकडे येणार नाही.

बांधकाम व्यावसायिकांनो, कोरडी कटाई बंद, ही अट पुढच्या ठेक्यात घाला. फरशीची पातळी चुकली तर तुम्ही ठेकेदाराचे बिल थांबवता. ही अट मोडली तरीही थांबवा.

आपला,
एक नागरिक