लाजऱ्या माशाचा घास

काचेच्या पेटीतले रंगीत मासे कोणाला आवडत नाहीत? पण भरपूर खाद्य टाकूनही त्याच पेटीत एखादा मासा उपाशी राहतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

गोबी हा असाच एक लाजरा मासा आहे. जगात गोबींच्या २००० हून अधिक जाती आहेत. आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ही त्यांचीच नातलग. घरी पाळतात त्यांपैकी बंबलबी गोबी हा आग्नेय आशियातला मासा. त्याची लांबी जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर असते. अंगावर काळे-पिवळे पट्टे असतात.

असे दोन गोबी मी एकदा विकत आणले आणि मोठ्या माशांच्या पेटीत सोडले. रोज वरून कोरडे खाद्य टाकू लागलो. मोठे मासे झडप घालून ते फस्त करत. गोबी मात्र दगडाआड बसून राहत. मला वाटले, त्यांना भूक नसेल. काही दिवसांनी त्यांची पोटे खपाटीला गेली आणि एक गोबी मेला. तेव्हा कुठे माझी चूक मला कळली. हा मासा तळाशी राहतो, हळूहळू खातो आणि हलणारे भक्ष्य टिपतो. कोरड्या खाद्याला तो सहसा तोंड लावत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की गोबी पाळायचा तर त्याला वेगळी पेटी द्यावी. लपायला फुटक्या कुंडीचे तुकडे ठेवावेत. जलपिसू किंवा आर्टेमियाची पिल्ले ड्रॉपरने त्याच्याजवळ सोडावीत. काही जातींना किंचित खारे पाणी लागते. तेही आधी विचारून घ्यावे. एवढे जमणार नसेल, तर तो आणूच नये.

कोणी म्हणेल, "एवढ्याशा माशासाठी एवढा खटाटोप कशाला?" पण मित्रांनो, मोकळ्या पाण्यात तो आपले अन्न स्वतः शोधत होता. पेटीत त्याला आपण आणले. आता त्याचे पोट भरणे हे आपलेच काम आहे.

दस्तरखानावर लाजाळू पाहुणा बसला, तर आपण त्याच्या ताटात आग्रहाने वाढतो. जो मागत नाही, त्याला भूक नाही असे समजू नका. घरातल्या मुक्या जिवांकडेही याच नजरेने पाहा.