सुट्टीत चित्रकार वाचा

मे महिन्यात मुंबईची नातवंडे मालवणात उतरतात, आंब्या-फणसांचा फडशा पाडतात आणि भर दुपारी ‘आता काय करू?’ म्हणून आजीच्या मागे लागतात. त्यांच्या आईवडिलांना माझे सांगणे आहे, येताना चित्रकाराने लिहिलेले एखादे पुस्तक आणा. आम्ही कादंबरीकार माणसाच्या मनात शिरायची फार घाई करतो. चित्रकार आधी नीट पाहतो.

धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) वडीलधाऱ्यांसाठी. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) कॉलेजातल्या मुलांसाठी. अवघड आहे, पण सुट्टी लांब असते. आणि प्र. अ. धोंड यांचे ‘रापण’ सर्वांसाठी. जलरंगात समुद्र रंगवणाऱ्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुखपद सांभाळलेल्या या माणसाने आपल्या आठवणींना नाव दिले ते किनाऱ्यावरच्या जाळ्याचे.

होडीतून अर्धगोल जाळे सोडायचे आणि दोन्ही टोके माणसांनी वाळूवरून ओढायची, ती रापण. पर्ससीनच्या अजस्र जाळ्यांपुढे ती आक्रसत चालली आहे. मुलांना हा शब्द नुसता मुखपृष्ठावर भेटू नये. रापण लागली असेल त्या पहाटे त्यांना किनाऱ्यावर न्या. दोराला हात लावायला कोणी नको म्हणत नाही.